कोयत्याने ऐकलेली अणूची गोष्ट

"अजून एक घाल, कडू. अजून ती जीपच हाय."

हा आवाज मी ऐकला तेव्हा मला धार नव्हती, मूठ नव्हती, नावही नव्हतं. आवाज सूर्यभानचा. गावोगाव पाल टाकून राहणारा लोहार तो. पाथर्डीच्या बाजाराच्या कडेला त्यानं भट्टी पेटवली होती. तो सांडशीत मला धरून बसायचा आणि त्याची बायको कडूबाई उभी राहून घण घालायची. निखाऱ्यातून लालबुंद बाहेर काढलं की सूर्यभान एक डोळा बारीक करून माझ्याकडे बघायचा आणि मान हलवायचा. अजून ती जीपच हाय. मग कडूबाई पदर खोचून पुन्हा घण उचलायची. "तिला म्हनावं, उतर आता खाली. लई फिरलीस," असं म्हणायची आणि दणका द्यायची.

मित्रांनो, मी एक जुना कोयता आहे. त्याआधी मी पाथर्डी-शेवगाव रस्त्यावर धावणाऱ्या एका जीपच्या चाकावरच्या स्प्रिंगचा लोखंडी पाटा होतो. माणसं, शेळ्या, कांद्याच्या गोण्या, माहेरी निघालेल्या बाया, सगळ्यांचा भार मी वाकून वाकून पेलला. त्याच्याही आधी कुठल्यातरी डोंगराच्या पोटातली तांबडी माती असेन. ते मला आठवत नाही. पण घणाखाली पडल्या पडल्या एक प्रश्न माझ्या अंगात ठोकला गेला, तो कायमचा. माती गेली, पाटा गेला, जीप गेली. मग जे उरलं आणि आता कोयता होऊ घातलं, ते काय?

मला कुणी उत्तर दिलं नाही. पाण्यात बुडवलं, मी चरचरलो, आणि कोयता झालो.

छबूबाई तेव्हा नवी नवरी होती. तिच्या नवऱ्यानं, सहादेवनं, भट्टीपुढचे सगळे कोयते तिच्यापुढे मांडले. तिनं एकेक उचलला, मनगटात फिरवला, खाली ठेवला. मला उचललं आणि ठेवलंच नाही. "ह्यो माझ्या हातात बसला," एवढंच म्हणाली. सहादेवनं बाभळीची मूठ बसवून दिली. त्या मुठीवर आज तिच्या बोटांचे खळगे आहेत.

आमच्या भागात पाऊस पाहुण्यासारखा येतो; उभ्या उभ्या पाणी पितो आणि निघतो. म्हणून दिवाळी सरली की गावं रिकामी होतात. ट्रकमध्ये भांडी, शेळ्या, कोंबड्या आणि पोरं भरायची आणि ऊस असेल तिकडं जायचं. ऊसतोडीत माणूस एकटा मोजत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम विचारतो, "कोयते किती?" म्हणजे जोड्या किती. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला ट्रकमध्ये जागा नसते.

किती हंगाम आले आणि गेले. उसाच्या बुडख्याला जमिनीलगत घाव घालायचा, कारण साखर तळाशी असते. मग शेंड्याचं हिरवं वाढं उडवायचं, वाळलेलं पाचट सोलायचं, मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. छबूबाईचा घाव एक आणि ऊस आडवा. बाया म्हणायच्या, "छबूच्या कोयत्याला हात लावू नगा, त्यो तिचंच ऐकतो." मला अभिमान वाटायचा. दसऱ्याला ती मला धुऊन-पुसून हळद-कुंकू लावायची, झेंडूचं फूल वाहायची आणि माझ्यापुढे डोकं टेकवायची. आणि फडात घाव घालता घालता गायची,

*उसाच्या गं फडामंदी पाचट कापी अंग,*
*लेक माझी शिकायाची अक्षरांच्या संगं.*

लेक म्हणजे दिशा. ती अशाच एका हंगामात, उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत जन्मली. पण पाटी हातात आली तशी ती गावच्या शाळेला चिकटली ती चिकटलीच. आई-बाप तोडीला गेले की ती गावातच, तोडणी कामगारांच्या पोरांसाठी चालवलेल्या हंगामी वसतिगृहात राहायची. यंदा ती आठवीत होती.

या सगळ्या काळात मी झिजत होतो. सहादेव कानस घेऊन धार लावायला बसला की माझ्या अंगाची काळी भुकटी त्याच्या मांडीवर पडायची. तो धोतर झटकायचा आणि ती वाऱ्यावर जायची. ऊस कापताना तर भुकटीसुद्धा दिसत नव्हती. तरी मी अरुंद होत होतो. कुठं जात होतो मी? एवढा मोठा पाटा, तो कुणाच्या डोळ्यांना न दिसता कसा सरत होता?

झिजणारा मी एकटाच नव्हतो. छबूबाईचा उजवा खांदाही सरला होता. यंदाच्या दसऱ्याला माझी पूजा करताना तिला हात कपाळापर्यंत नेता आला नाही. तिनं डावा हात पुढे केला. सहादेवनं ते पाहिलं. दिशानं पाहिलं नाही, ती दारात बसून पाठांतर करत होती.

पाठांतर तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनातल्या भाषणाचं होतं. जयमाला मॅडमनी तिला विषय दिला होता, 'पदार्थाची गोष्ट'. दगड, पाणी, लोखंड, माणूस हे सगळं मुळात कशाचं बनलं, हे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीस नावाच्या देशातल्या माणसांनी कसं विचारलं आणि त्या विचारण्याचं पुढं काय झालं, याची ती गोष्ट. मित्रांनो, मी खुंटीवर टांगलेला होतो. ते शब्द कानावर आले आणि माझं पातं आतून थरथरलं. माझाच प्रश्न. इतक्या जुन्या माणसांना पडलेला.

मग ट्रक आला. सगळं सामान चढवून झाल्यावर सहादेव म्हणाला, "दिशाबी येनार हाय."

एवढंच म्हणाला. का, कशासाठी, काही नाही. दिशानं दाराची चौकट धरली. "आप्पा, प्रदर्शन हाय माझं. वसतिगृहात जागा हाय. आप्पा, मी न्हाई यायची." सहादेव तिच्याकडे न बघता दोरी आवळत राहिला. छबूबाई खाली मान घालून बोचकं बांधत होती. बांधलेलं सोडून पुन्हा बांधत होती. शेवटी धाकट्या रुपालीनं बहिणीचा हात धरून तिला ट्रककडे ओढलं. त्या दिवसापासून दिशा बापाशी बोलायची ते फक्त 'भाकर' आणि 'पानी' एवढंच.

ट्रक आम्हाला पुणतांब्याच्या शिवारात घेऊन आला. गोदावरी जवळ, कालवा भरलेला, ऊस नजर जाईल तिथपर्यंत. आता छबूबाई मागं बसून मोळ्या बांधू लागली आणि मी दिशाच्या हातात गेलो. तो हात मुठीतल्या खळग्यांत बसत नव्हता. पहिल्याच दिवशी तळव्याला फोड आले आणि फुटले. तिनं ओढणीची चिंधी बांधली आणि पुढचा ऊस धरला. छबूबाईनं यंदा एकही ओवी गायली नाही.

दिशा मात्र बोलायची. बांधावर शेळी घेऊन बसलेल्या रुपालीला ती आपलं भाषण सांगायची. विसरू नये म्हणून. मुकादम अमृत एकदा म्हणाला, "पोरीनं फडात शाळा घातली जनू." दिशा म्हणाली, "शाळेत फड घालन्यापरीस बरं." मुकादम हसला आणि पुढं गेला.

"पहिला थेलिस," ती घाव घालत सांगायची. "समुद्राकाठच्या गावचा. तो म्हणाला, सगळं पाण्यापासून झालं."

"मंग बरूबर हाय," रुपाली म्हणाली.

"काय बरूबर?"

"आपल्या गावाला पानीच न्हाई. म्हनून तिथं कायबी झालं न्हाई."

छबूबाईसुद्धा हसली त्या दिवशी.

"तसं न्हाई गं येडे. मॅडम म्हणतात, त्याचं उत्तर चुकलं, पण त्यानं विचारलं ते नवं होतं. एवढी सगळी येगयेगळी रूपं, पण त्यांच्या आत एकच काहीतरी असंल, ते शोधून काढू. असं कुणी आधी म्हटलं नव्हतं." मग दुसरा आला, तो म्हणाला हवा. हवा दाट झाली की पाणी, अजून दाट झाली की माती आणि दगड. तिसरा म्हणाला आग. सगळं सारखं बदलतंय, एकाच नदीत दोनदा पाय घालता येत नाही.

"मी रोज घालते की," रुपाली म्हणाली. "कालबी घातला, आजबी घातला."

"कालचं पानी वाहून गेलं ना?"

"जाऊ दे. पाय तर त्योच हाय."

चौथा आला, एम्पेडोक्लिस. त्यानं भांडण मिटवलं. माती, पाणी, हवा, आग चारही खरी म्हणाला. प्रेम त्यांना जोडतं आणि वैर त्यांना तोडतं, म्हणून जग घडतं आणि मोडतं. रुपालीनं विचारलं, "आपल्या कोपीत कोन हाय, प्रेम का वैर?" दिशानं वाकून घाव घातला. पलीकडच्या सरीत सहादेवचा कोयता क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला.

मी मात्र ऐकत होतो आणि हरखत होतो. आग, भात्यातली हवा, विझवायचं पाणी, डोंगराची माती. चौघंही माझ्या बारशाला हजर होती!

मग आला डेमोक्रिटस. त्या दिवशी न्याहारीच्या वेळी दिशानं भाकरीच्या फडक्यावर उसाचं एक कांडं ठेवलं. माझ्या धारेनं त्याचे दोन तुकडे केले. एका तुकड्याचे दोन. त्यातल्या एकाचे आणखी दोन. "असं कापतच गेलं तर?" ती म्हणाली. "कधी थांबायचं? डेमोक्रिटस म्हणाला, एक असा बारीक कण येतो, की त्याला जगातलं कुठलंच पातं कापू शकत नाही. त्याच्या भाषेत त्याचं नावच होतं, न कापता येणारा. आपल्याकडं कणादानंबी असंच म्हटलं होतं. आपन त्याला अणू म्हनतो. सगळं त्याच कणांचं. कण तेच, मांडणी येगळी, की वस्तू येगळी."

"दाव मला त्यो."

"दिसत न्हाई. पन वास येतो तवा कळतो. कारखान्याच्या मळीचा वास हितवर येतो की न्हाई? तिचे बारके कण उडत येतात."

"म्हंजी मी नाकानं मळी खाते व्हय?" असं म्हणून रुपालीनं फडक्यावरचा सगळ्यात बारका तुकडा उचलून तोंडात टाकला. "घ्या. गेला तुमचा अणू पोटात."

मित्रांनो, मी आयुष्यभर कापत आलो. कापणं हाच माझा धर्म. आणि कुणीतरी सांगत होतं, की माझ्याही धारेच्या पलीकडे काहीतरी आहे, जे मला कधीच कापता येणार नाही. मला अपमान वाटायला हवा होता. मला मात्र धीर आला. म्हणजे सहादेवच्या मांडीवरून उडालेली माझी भुकटी संपलेली नव्हती. ती कुठंतरी होती, शाबूत. मी सरत होतो, पण नाहीसा होत नव्हतो.

"आणखी एक हाय," दिशा म्हणाली. "त्या कणांच्या मधी रिकामी जागा असते. जागाच नसंल तर कण हलणार कसे?"

आणि त्याच वेळी सहादेवचा मोबाईल वाजला. हात चिकट होते म्हणून त्यानं तो बांधावर ठेवून मोठ्या आवाजात लावला. जयमाला मॅडम होत्या.

"सहादेवराव, दिशाची वसतिगृहातली जागा मी धरून ठेवलीय. संक्रांतीपर्यंत. त्यापुढे नाही धरता येणार, दुसरी मुलगी वाट बघतेय. आणि तिचा विषय मी कुणालाही दिलेला नाही. पाठवताय ना?"

"बगतो, मॅडम."

"बघतो नको. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा."

सहादेवनं छबूबाईकडे पाहिलं. छबूबाई वाढ्यांची पेंढी बांधत होती. तिनं मान वर केली नाही.

"बगतो," सहादेव म्हणाला आणि फोन ठेवला.

"आप्पा, मी जाऊ?" कितीतरी दिवसांनी दिशानं त्याला सरळ विचारलं होतं. सहादेव हाताचा चिकटा पाचटाला पुसू लागला. "आप्पा, तोंड न्हाई का तुमाला?"

"ट्रक भरायचा हाय," तो म्हणाला. "ऊस उचल."

त्या दिवशी दिशाची गोष्ट थांबली. रुपाली मागं लागली, "पुढं सांग की. त्या डेमूबाबाचं काय झालं?" दिशा ऊस तोडत म्हणाली, "काय व्हायचंय? ॲरिस्टॉटल नावाचा एक मोठा मानूस आला. तो म्हणाला, रिकामी जागा-बिगा काही नसते, कण-बिण काही नसतात. चार तत्त्वंच खरी. लोकांनी त्याचं ऐकलं. संपलं."

संपलं? मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. तो एक माणूस खरं बोलला आणि त्याचं कुणी ऐकलंच नाही? मग माझी उडालेली भुकटी? मग मी? पण दिशाचे ओठ मिटले होते. ती आता पाठ म्हणत नव्हती. घाव घालायची, तो वर बसायचा, बुडखा जमिनीत राहायचा आणि मुकादम खेकसायचा, "साखर मातीत ठिवती व्हय गं?" तिला ते ऐकू येत नव्हतं. एकदा मी तिच्या पोटरीला ओझरता लागलो. तिनं खाली बघितलंसुद्धा नाही. रोज थोडी थोडी ती कुठंतरी जात होती, आणि तिची भुकटी कुणाला दिसत नव्हती.

बाकीच्या कोप्यांतल्या बाया तिळाचं बोलू लागल्या. संक्रांत आली.

भोगीच्या दिवशी सकाळी छबूबाईनं तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या. फड कालव्याला लागून होता. सहादेव ट्रकवाल्याशी बोलायला गेला होता. दिशानं एक सरी तोडली, पाठ सरळ केली आणि माझ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. तिला वाटलं असेल, कोयता नसला की तोडणं नाही, आणि तोडणं नसलं की इथं राहणं नाही. ऊसतोड्याच्या पोरीलाच सुचावी अशी ती चूक होती. ती कालव्याच्या भिंतीवर चढली आणि हात मागं नेऊन तिनं मला पाण्यात भिरकावलं.

 छबूबाईच्या हातातली पेंढी सुटली.

मी तळाला गेलो. गाळात रुतलो. वरून पाणी धावत होतं आणि सूर्य थरथरत होता. सगळं पाण्यापासून झालं, असं थेलिस म्हणाला होता. इथं मात्र सगळं पाण्यात चाललं होतं. माझ्या पात्यावरचा तेलकटपणा सुटू लागला. मला कळलं, की आता गंज येईल आणि मला कण कण करून खाईल. मी विचार केला, की खाऊ दे. कण तर उरतील. पण मित्रांनो, खरं सांगतो, त्या विचारानं मला जराही बरं वाटलं नाही. कण उरले तरी छबूबाईच्या बोटांचे खळगे उरणार नव्हते. दिशाच्या तळव्याची चिंधी उरणार नव्हती. आणि गोष्ट तर अर्ध्यावरच तुटली होती.

तुमच्याकडे काही मागायचं असतं तर त्या गाळातून मी एवढंच मागितलं असतं. घरात हत्यार असेल तर त्याला कोरडं ठेवा, तेलाचं बोट लावा. ते तुमचंच अन्न कमावतं. पण त्याहून, कुणाचं शिकणं मध्येच तोडू नका. लोखंड पुन्हा भट्टीत घालून जोडता येतं. तुटलेलं शिकणं मात्र आतून गंजतं आणि गंजलेलं बाहेरून दिसतही नाही.

वर कुणीतरी पाण्यात उतरलं.

सहादेव होता. पौषातलं बोचरं पाणी छातीपर्यंत आलेलं, आणि तो पायांनी तळ चाचपत इकडून तिकडं जात होता. भिंतीवर माणसं जमली. मुकादम म्हणाला, "सहादेवा, मासं घावलं का?"

"घावतंय," सहादेव म्हणाला.

"अरं बाबा, बाजारात नवा मिळतो. त्यो तर झिजून सुरी झाला हुता. कशाला हिवात मरतो?"

"त्यो छबूच्या हातचा हाय," सहादेव म्हणाला. दात वाजत होते त्याचे. "नवा तिच्या हातात बसायचा न्हाई."

"तिचा हात तरी कुटं चालतोय आता?"

त्यावर सहादेव बोलला नाही. ऊन कलंडलं. माणसं कामाला गेली. तो एकटाच पाण्यात चालत राहिला, आणि शेवटी मी त्याला सापडलो, पायाला. त्याचा तळवा माझ्या धारेवर पडला. पाण्यात लाल धागा निघाला आणि वाहून गेला. तो वाकला, बुडाला, आणि मला घेऊन वर आला.

फडात येऊन त्यानं मला पाचटावर ठेवलं. तळवा चिंधीनं बांधला.  कुडकुडत बांधावर बसला आणि स्वतःचं अंग पुसायच्या आधी मला मांडीवर घेऊन माझं पातं पुसू लागला. छबूबाईनं त्याच्या अंगावर गोधडी टाकली. दिशा त्याच्याकडे पाठ करून बसली होती. तिचे खांदे हलत होते.

रुपालीला ही शांतता सोसेना. ती दिशाला खेटून बसली. "दिशे, त्या डेमूबाबाचं खरंच संपलं? कुनीच त्येचं ऐकलं न्हाई?"

दिशानं डोळे पुसले. मग नाक ओढत बोलू लागली, भाषणासारखं नाही, दमलेल्या माणसासारखं.

"न्हाई संपलं. दोन हजार वर्षं ते पडून राहिलं. लोक चार तत्त्वंच धरून बसले. कुणी म्हनलं, मग चौघांचं माप बदललं की लोखंडाचं सोनं व्हईल. भट्ट्या पेटवल्या, जन्म घालवले, सोनं काही झालं न्हाई. पण त्या भट्ट्यांत त्यांना वस्तू येगळ्या करायच्या आन् मोजायच्या रीती घावल्या. मग तिकडं इंग्लंडात एक मास्तर झाला, डाल्टन. विणकराचा पोरगा. तो हवा मोजायचा, पाण्याची वाफ मोजायचा. ती मापं कशी जुळतात, याचा त्याला उलगडा व्हईना. तवा त्यानं डेमोक्रिटसचा तो जुना शब्द उचलला. न कापता येणारा. आन् सगळी मापं जुळली."

"म्हंजी डेमूबाबा जिकला."

"मग पुढं तो अणूबी फुटला. आत अजून बारीक निघालं. पण मॅडम म्हणतात, म्हणून तो हरला असं न्हाई. अजूनबी लोक त्याचाच प्रश्न विचारत्यात. सगळं बदलतंय, तर बदलत न्हाई ते काय?"

मी सहादेवच्या मांडीवर पडून ऐकत होतो. माझ्या पात्यावर पाण्याचे थेंब होते, आणि मला वाटलं, सूर्यभानच्या भट्टीपासून मी ज्याची वाट बघत होतो ते आज कुणीतरी बोललं.

रुपालीला मात्र एक गोष्ट खटकत होती. "दोन हजार वर्सं? यवढी मानसं, आन् कुनीच बोललं न्हाई?"

"एकदा मोठ्या माणसानं न्हाई म्हटलं, की बाकीचे गप बसतात," दिशा म्हणाली. आणि पहिल्यांदा मान वळवून तिनं बापाकडे पाहिलं. त्या नजरेपेक्षा मी बोथट होतो. "मग दुसऱ्याचं कितीबी वाया गेलं तरी चालतं त्यांना."

सहादेवनं ते ऐकलं. मला पुसणारा त्याचा हात थांबला नाही.

थांबला तो छबूबाईचा. ती मोळीची गाठ आवळत होती; ती तशीच टाकून उठली आणि दोघींच्या समोर येऊन उभी राहिली.

"दिशे, बापाकडं बघून बोलू नकोस."

"मंग कुनाकडं बघू?"

"छबू, ऱ्हाऊ दे," सहादेव म्हणाला. इतक्या हलक्या आवाजात, की मी त्याच्या मांडीवर नसतो तर मलाही ऐकू आलं नसतं.

"न्हाई. लई ऱ्हाऊ दिलं," छबूबाई म्हणाली. उजवा हात तिच्या कडेला लोंबत होता. "दिशे, उद्या सकाळच्या येष्टीनं तू जायाचंस. बाप नगरपतूर येईल, तितनं पाथर्डीची गाडी लावून दिल. मॅडमना फोन कर."

दिशा उभी राहिली. "आप्पा न्हाई सोडायचे."

"त्यो दिवाळीलाच सोडीत हुता," छबूबाई म्हणाली. "त्यो म्हनला, मी थोरल्या भावाच्या जोडीनं जातो, छबू, तू घरी ऱ्हा, खांद्याला आराम दे, पोरीची शाळा बुडवू नगं. मीच ऐकलं न्हाई. घरी बसवलेल्या बायांचं मी बघितलंय गं. एकदा का ट्रक तिला सोडून गेला, की परत कुनी तिला न्हेत न्हाई, आन् मग ती दारात बसून नुसती रस्त्याकडं बघती. मला त्येचं भ्या वाटलं. म्हनून म्या त्येला म्हनले, दिशाच्या हातात माझा कोयता दे, मी मागं मोळ्या बांधीन. आन् पोरीला ह्ये कळता कामा न्हाई, म्हनून रुपीच्या गळ्याची आन घातली त्येला. त्यानं पाळली. तू वंगाळ बोललीस तरी पाळली. तुला तुझ्या बापानं न्हाई आनलं, दिशे. मी आनलं."